वाऱ्यावर गेलेला 'नका'

छतावरच्या सोलर पॅनलची वीज घरात आणणारं यंत्र माझ्या माहेरच्या घरात भिंतीवर आहे. अलीकडे ते मध्येच टीं टीं करून बंद पडायचं आणि पडद्यावर 'आर्क' अशी लाल अक्षरं यायची. बाबा भजन गुणगुणत शेजारचा मोठा खटका फिरवून ते पुन्हा चालू करायचे. म्हणायचे, "रुसतंय लेकाचं. जरा कान पिळला की झालं."

ह्यांचं कामच सोलरचं. आम्ही माहेरी पोहोचलो, ह्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि चहा तसाच ठेवला.

"बाबा, हे रुसणं नाही. वर वायरींचा कुठलातरी जोड सैल आहे. त्यात ठिणगी नाचतेय, तोच हा आर्क. घर पेटेल."

खटका बंद करून हे वर चढले. मी अंगणात शिडी धरली. वीज वाहत असताना असा जोड ओढला, तर ठिणगी विझत नाही, लांबते आणि हात जाळते. लग्नापासून हे ऐकत आलेय मी.

वरून आवाज आला, "बाबा, चालू नका करू हं!"

आतून भजन थांबलं. "केलं, जावईबापू! केलं चालू!"

'नका' तेवढा वाऱ्यावर गेला होता.

यंत्र लगेच वीज ओढत नाही, आधी उलटे आकडे मोजतं. मी ओरडणार होते, "हात लावू नका!" शब्द ओठांवर गोठला. हाही 'नका' हरवला तर? 'बंद' म्हणावं, तर वीज बंद आहे असं समजून हे जोड ओढतील. देवा, एक शब्द दे!

"थांबा!" मी किंचाळले आणि आत धावले.

पडद्यावर तीन. दोन. बाबा कौतुकाने बघत होते. त्यांना ढकलून खटक्यापर्यंत पोहोचेतो छतावर चर्र झालं. मी खटका फिरवला.

चरचर थांबली. करपलेल्या प्लास्टिकचा वास आला.

"अहो?"

मी धावत अंगणात आले.

"अहो!"

"आहे गं." वरून आवाज आला. "थांबा म्हणालीस, म्हणून हात मागे घेतला."

हे खाली आले तेव्हा हातात तो जोड होता. दोन टोकं दोन वेगळ्या बनावटीची, बळेच एकमेकांत बसवलेली. मध्ये वितळून काळी पडलेली.

बाबा बंद खटका दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे होते. "झालं बाबा, सोडा आता," हे म्हणाले, तरी सोडेनात. शेवटी ह्यांनीच त्यांची बोटं एकेक करून हलकेच सोडवली.