सातपुडा सायकल सफर आणि हौदाचं झाकण

छापील कार्यक्रम
पहिला दिवस: धुळे ते शिरपूर. दुसरा दिवस: बिजासन घाट चढून सेंधवा. तिसरा दिवस: घाट उतरून परत. मार्गदर्शक: चुडामणभाऊ. या घाटाचा दोनशे वेळांचा अनुभव.

छापलं नाही ते
दोनशेच्या दोनशे वेळा केळीच्या ट्रकमधून.

ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक. एक चुडामण, जो चोपड्याकडे केळी पिकवतो आणि पन्नाशीत सायकलीच्या नादाला लागला. दुसरी त्याची बायको लताबाई, जी मागून सामानाचा टेम्पो चालवते आणि हसणं दाबते. निघायच्या आदल्या दिवशी ती अंगणातल्या पत्र्याच्या पाटीपुढे उभी राहिली. 'सातपुडा सायकल सफर', पाच फूट बाय तीन.

"घाटमा पाय टेकना, ते हाई पाटी हौदवर," ती म्हणाली. "धंदा बंद. मंग गुपचूप केळीस्ले पानी देवानं."

"आणि नाही टेकला तर?"

"तर बठ्ठा गावले सांगसू, मन्हा नवरा पहिलवान शे."

हौदाला झाकण नव्हतं हेही खरंच. पाटी मापाला अगदी बरोबर बसत होती. चुडामणने ते मोजून पाहिलं, दोनदा.

पहिला दिवस, झालं ते
गिऱ्हाईकं दोन. जळगावचे कापडवाले निर्मलकुमार, वय त्रेसष्ट, मेहरूण तलावाभोवती रोज तीन फेऱ्या. आणि त्यांची सून रुची, जिची सायकल एका बोटावर उचलता येते आणि जिला थांबणं माहीत नाही.

निर्मलकुमारांचं जेवण सूर्यास्ताच्या आत. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, वांगंही नाही. लताबाईने भरतासाठी आणलेली वांग्यांची गोणी पाहून त्यांनी नुसते हात जोडले. हे जेवणाचे नियम ऐकून चुडामणनेच आठवड्यापूर्वी म्हटलं होतं, "भाऊ, मुक्काम-जेवण तुम्हीच बघा. तुमच्या जैन समाजाची सोय रस्ताभर असते."

निर्मलकुमारभाऊंनी बघितलं. चोख बघितलं.

धुळ्याहून निघून तासभर झाला नसेल, घाम यायचा होता, तोच भाऊंनी हात वर केला. "आला मुक्काम."

"कसला?" रुची.

"आजचा."

सकाळचे पावणेआठ. चौदा किलोमीटर झाले होते. एका घराच्या दारात तीन माणसं स्वागताला, मागे शिऱ्याचा वास.

भाऊंनी खिशातून वही काढली. साधू-साध्वी पायी विहार करतात त्या मार्गाची वही. कोणत्या गावाहून कोणत्या गावी, उतरायचं कुठे, रसोई कोण करणार. सगळं पन्नास वर्षं चालत आलेलं, कुठे चूक नाही. भाऊंनी ओळीने सगळीकडे फोन केले होते. पायाने चालणाऱ्याचा एक दिवस म्हणजे चौदा किलोमीटर, एवढं सोडून त्यांच्या सगळं लक्षात आलं होतं.

"पप्पा! मी या सायकलवर चौदा किलोमीटर पंचवीस मिनिटांत करते!"

"मग आराम कर ना बेटा. रसोई झालीय. नाही कसं म्हणायचं?"

रुचीने मार्गदर्शकाकडे पाहिलं. मार्गदर्शकाच्या मांड्या आत्ताच थरथरत होत्या.

"घाटाआधी शरीर हळूहळू तापवावं लागतं," चुडामण गंभीरपणे म्हणाला. "शास्त्र आहे."

टेम्पोतून खोकल्याचा आवाज आला.

दुसरा ते सहावा दिवस, एकत्र, कारण वेगळे सांगण्यासारखे नाहीत
दाल-बाटी. झोप. गट्ट्याची भाजी. झोप. मुगाचा शिरा. रुची गावाभोवती चकरा मारते. शिरा. "अजून एक वाटी, चुडामणभाऊ." शिरा. लताबाई यजमानीणबाईंना वांगी देऊ पाहते. त्या हात जोडतात. शिरा.

प्रत्येक मुक्कामी दोन साध्वीजी भेटत. त्याच वहीने त्याही निघाल्या होत्या. एक तरुण, एक सत्तरीच्या, अनवाणी. सायकलवाले आधी पोहोचत, पण फार आधी नाही.

चुडामणचं वजन वाढलं.

सातवा दिवस, घाट
पहिलं वळण. छान.
दुसरं वळण. बरं.
तिसरं
वळण
पाय
वर
पाय
खाली
हा ट्रकमध्ये असताना
एवढा
उभा
नव्हता

रुची केव्हाच वर गेली होती, भाऊ दहा हात पुढे होते. मागे टेम्पो पहिल्या गिअरमध्ये घुरघुरत होता, लताबाईचा चेहरा काचेला चिकटलेला, डोळे चुडामणच्या उजव्या बुटावर. बूट डगमगला. सायकल डगमगली. एक हात अंतरावर डांबर, आणि त्या डांबरावर चुडामणला स्पष्ट दिसला हौद.

तेवढ्यात वळणावर साध्वीजी दिसल्या. उजाडताच निघून अर्ध्यावर आल्या होत्या. भाऊ टुणकन उतरले, हात जोडले, "मत्थएण वंदामि." वर थांबलेली रुचीही हेल्मेटवरून ओढणी घेऊन खाली आली. साध्वीजींपुढे सायकलवर बसून राहतं कोण?

चुडामण उतरला. इतक्या भक्तीने तो आयुष्यात कुठे उतरला नव्हता.

टेम्पोची काच खाली झाली. "तुमी जैन कव्हय व्हयनात?"

"आदर आहे हा! याला पाय टेकणं म्हणत नाहीत!"

भाऊ कौतुकाने सांगत होते, "महाराज साहेब, हे आमचे मार्गदर्शक. हा घाट दोनशे वेळा चढलेत."

थोरल्या साध्वीजींनी त्याच्या लाललाल चेहऱ्याकडे पाहिलं. "साइकिल पर?"

एका शब्दात काम भागलं असतं. 'हो.' गिऱ्हाईकं खूश, इज्जत शाबूत. पण त्या अनवाणी पायांसमोर त्याची जीभच वळेना.

"ट्रकमधून," चुडामण म्हणाला. "केळीच्या."

वरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. केळीचाच.

रुची म्हणाली, "म्हणजे सात दिवस मी..." आणि पुढे तिला हसूच फुटलं. साध्वीजीही हसल्या. "तो आज पहली बार. चलो, हमारे पीछे-पीछे."

मग तो निघाला. पुढे साध्वीजींची पावलं, मागे चुडामणची चाकं, पुढे जायचं नाही एवढाच नियम. इतक्या सावकाश सायकल चालवता येते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. श्वास परत आला. वळणं संपली. माथ्यावर तो सायकलवरच पोहोचला, उरलेल्या अर्ध्या घाटात एकदाही पाय न टेकता.

निकाल
लताबाईने टेम्पोच्या बॉनेटवर बसून दिला. "वरना आर्धा घाट तुमना. खालना आर्धामा पाय टेकना. पाटी हौदवर."

चुडामणने मान खाली घातली. पाय टेकला होता, हे त्यालाही नाकारता येईना.

"एक मिनिट, लताबाई," भाऊ जळगावला सगळी हकिकत सांगत होते, त्यांनी फोनवर हात ठेवला. "आमच्या गल्लीतले अकरा जण विचारतायत. सगळे साठीपुढचे. म्हणतात, रोज चौदाच किलोमीटर, जेवण दिवस मावळायच्या आत, आणि मार्गदर्शक हाच, खरं बोलणारा. कधी निघायचं?"

लताबाईने टेम्पोतल्या वांग्यांच्या गोणीकडे पाहिलं, नवऱ्याच्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं.

"हौदले दुसरा पत्रा देखा," ती म्हणाली.