माझे मागचे दिवे गोल आहेत

मी एक जुनी चार दारांची मोटार आहे, मित्रांनो, आणि आयुष्याची चाळीस वर्षे मी दुसऱ्याच्या नावावर मिरवले. ते कसे, तेच आज सांगते.

माझे नकाशे आणि इंजिन विलायतेतून लाकडी खोक्यांत भरून बोटीने आले. बाकी सारी मी इथल्या कारखान्यात घडले. "ह्या नाजूक कंबरेला आपले खड्डे सोसायचे नाहीत," असे म्हणून मुकादमाने माझ्या चाकांवर स्प्रिंगचे जाड पाटे बसवले. त्यामुळे मी माझ्या विलायती बहिणींपेक्षा दोन बोटे उंच झाले. मागच्या दिव्यांचे खोके धक्क्यावर उतरवताना पाण्यात पडले. मुकादम अडून बसला नाही. त्याने आमच्या तुकडीसाठी जवळच्या काचकामगाराकडून गोल दिवे करून घेतले. विलायती दिवे उभट असतात.

दोन वर्षांनी एका दलालाने मला गावोगाव बाळंतपणे करत हिंडणाऱ्या एका सुईणबाईंना विकले. "अस्सल विलायती आहे, बाई. डोळे झाकून घ्या!" बाईंनी तसेच केले. शेजारीपाजारी बघायला आले, की बाई ऐटीत सांगत, "विलायती आहे हो, जरा लांबून बघा!" मी लाजेने लाल झाले असते, पण माझा रंग पडला गडद हिरवा. खरे सांगायचे तर ते कौतुक मलाही गोड लागे.

पण बाईंनी मला शोभेला ठेवले नाही. डिकीत अवजारांची पेटी, धुतलेल्या चादरी आणि साबण घेऊन आम्ही दोघी चिखल तुडवत, खडीचे चढ चढत हिंडलो. चढावर मी धापा टाकू लागले, की बाई म्हणत, "चल गं बये, बाळ काय तुझ्यासाठी थांबणार आहे?" आणि मी चढत असे.

मग बाईंचे गुडघे गेले. मी शेडमध्ये ताडपत्रीखाली गेले. टायर बसले, आसनात उंदरांनी संसार थाटला. बाईंच्या मुलाचा छापखाना होता. त्याला कागद ठेवायला शेड हवी होती. त्याने जुन्या मोटारींच्या एका शौकिनाला बोलावले. त्या गृहस्थाच्या विलायती गाडीला ठोकर बसली होती. तिच्यासाठी माझी दारे आणि दिवे काढून घ्यायचे, असा बेत होता.

त्याने टेप काढून माझे दार मोजले. मग मागे जाऊन दिव्यांपाशी थबकला. गुडघ्यांवर बसून खाली डोकावला आणि हसला.

"आजी, ही विलायती नाही. इथेच बनलेली आहे. दार अर्धा इंच मोठं, दिवे गोल, पाटे जाड. माझ्या गाडीला हिचं काहीच बसणार नाही."

बाई पुढे वाकून माझे दिवे बघू लागल्या. "म्हणजे चाळीस वर्षं मी लोकांना थापा मारत होते?"

"थापा दलालाच्या, आजी. तुम्ही फक्त पुढे पोचवल्या."

"मग भंगारवाल्यालाच बोलावतो," मुलगा म्हणाला.

शौकिनाने हात पुसत विचारले, "आजी, रस्त्यात कधी दगा दिला का हिने?"

"एकदाही नाही. खाणीकडच्या रस्त्यावर तर हिच्याशिवाय कुणी जातच नव्हतं."

"ते ह्या पाट्यांमुळे. माझी विलायती महाराणी तिथे पहिल्याच खड्ड्यात बसकण मारेल!"

बाईंनी माझ्या दारावरची धूळ पदराने पुसली. मग मुलाकडे वळल्या. "तुझ्या वेळेला त्याच रस्त्यावर होते मी. दुसऱ्या बाईचं बाळंतपण उरकून परत येताना मलाच कळा सुरू झाल्या. दवाखान्यापर्यंत मीच चालवत आले. एका हातात चाक, दुसरा पोटावर. सगळ्या वाटेवर हिला शिव्या घालत होते."

"हे कधी सांगितलं नाहीस, आई."

"सुईणीची फजिती कोण सांगतं रे?"

मुलाने माझी ताडपत्री उचलली, नीट घडी घातली आणि छापखान्याच्याच ओसरीत नेऊन तिच्यावर कागदाचे गठ्ठे रचले. शेड माझीच राहिली.

त्याने दुरुस्ती करून घेतली आणि महिनाभराने माझे इंजिन पुन्हा बोलू लागले. बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्या शेजाऱ्यांना हाका मारल्या. "ऐका हो! ही विलायती नाही, इथलीच आहे. या, हात लावून बघा!" इतकी वर्षे लांब उभे राहिलेले ते सारे तळहात त्या दिवशी माझ्या पत्र्यावर टेकले. किती ऊबदार होते ते!

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात पडली असेल. ती कुठून आली हे विचारण्याआधी तिने काय काय केले, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. आणि ती मोटार असेल, तर आठवड्यातून एकदा तरी तिला चक्कर मारून आणा. बसून बसून आमचेही गुडघे धरतात.