चित्रासमोरची जागा

गुएर्रिनोकाकांना जाऊन वर्ष झालं, म्हणून त्यांच्या बायकोनं, आमच्या झेलिंडामावशीनं, फ्लॉरेन्समधल्या आमच्या गल्लीतल्या चर्चमध्ये प्रार्थना ठेवली होती. मेलेल्या येशूला मांडीवर घेऊन रडणाऱ्या मारियाच्या जुन्या चित्रासमोर मावशी गुडघे टेकून बसली होती. आम्ही घरची माणसं मागे होतो.

प्रार्थना चालू असतानाच एक गाइडबाई प्रवाशांचा घोळका घेऊन आत शिरली. मावशीच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "आजी, जरा बाजूला होता का? यांना फोटो काढायचाय."

मावशी उठली. तिनं रागानं चित्राकडे बोट दाखवलं.

"चित्रातली ती बाई काय करतेय गं?"

"रडतेय."

"आणि मी काय करतेय? तिचं रडणं बघायला समुद्र ओलांडून येता, अन् मला म्हणता सरक!"

गाइडबाई शरमेनं लाल झाली आणि घोळका घेऊन निघाली. तरी जाता जाता एकानं मावशीचाच फोटो काढला.

नंतर फादर समजवायला आले. "झेलिंडा, या प्रवाशांच्याच देणग्यांतून चर्चचं छप्पर दुरुस्त होतंय."

"मग प्रार्थनाही त्यांच्यासाठीच म्हणा!" मावशी कडाडली, आणि काकांसाठी आणलेली फुलं उचलून तडक दफनभूमीकडे चालू लागली. आम्हीही तिच्या मागोमाग निघालो.