मिरजगावची माती

"आलिया, मोजमाप चुकलंय तुझं," गोरक्षनाथ सर म्हणाले. "उद्या तपासणी समिती येतेय. क्षितिजाजवळची मोजमापं काढून टाक. बाकीचं जुळतंय."

काढून टाक! केरच तो जणू. ती काढली तर माझ्या प्रबंधात उरणार काय? सरांच्या मॉडेलची झेरॉक्स.

कोल्हारला प्रवरेकाठच्या शेतात आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणारे आमचे अँटेना ओळीनं उभे आहेत. आकाशाच्या कुठल्या बाजूचं त्यांना किती ऐकू येईल, हे सरांच्या मॉडेलनं संगणकावर आधीच सांगून ठेवलंय. ते खरं की खोटं, हे पाहणं माझं काम. ड्रोनला छोटा ट्रान्समीटर बांधून मी तो अँटेनांभोवती फिरवते. डोक्यावर सगळं जुळतं. ड्रोन खाली क्षितिजाकडे उतरला की आलेखावर माझी रेघ एकीकडे, मॉडेलची दुसरीकडे. केबली बदलल्या, ट्रान्समीटर बदलला, पुन्हा पुन्हा उडवला. रेघ हटायला तयार नाही. मग मी तरी का हटू?

तडक शेत गाठलं. शेजारच्या उसाला पाणी चालू होतं. बांधावरून उसाचे मालक अंगदभाऊ ओरडले, "ताई, चपला काढा! कॅनॉलचं आवर्तन सुटलंय, समदा चिखल हाय." तोवर पाय घोट्यापर्यंत रुतलाच. मी तशीच उभी राहिले. रेडिओलहरी जमिनीवरूनही परततात, ओल्या जमिनीवरून वेगळ्या आणि कोरडीवरून वेगळ्या. आणि मॉडेलमध्ये माती कुठली होती? मिरजगावची! प्रकल्पाची जागा आधी तिथं ठरली होती. सरांचं गाव ते. स्वतःच्या हातानं खणलेल्या त्या मातीचं कौतुक प्रत्येक विद्यार्थ्यानं ऐकलंय. पुढं जागा कोल्हारला आली, माती मात्र कुणी बदलली नाही. टँकरची वाट बघणारी माती सर कॅनॉलखालच्या शेतात घालून बसले, आणि चूक माझी?

दुसऱ्या दिवशी सरांनी डोळे वटारले तरी मी समितीपुढं उभी राहिले. "एकही मोजमाप काढलेलं नाही. मॉडेलमध्ये कोल्हारची माती घाला आणि मग बोला."

सर लालबुंद झाले. अध्यक्षबाई म्हणाल्या, "मग चालवून बघू की आत्ताच." मी शेतातल्या मातीचे रात्रीच मोजून ठेवलेले आकडे घातले. मॉडेलची रेघ सरकत सरकत माझ्या रेघेवर येऊन बसली. एका टोकाला तेवढी फट राहिली.

"वा! तुझं मोजमाप बरोबर आलं म्हणायचं," सर सावरून हसले.

"आलं नाही, सर. होतंच."

ते स्क्रीनकडे वाकले. हळूच म्हणाले, "टोकाचे ते चार ठिपके काढले, तर अगदी देखणं दिसेल. तुझ्याच फायद्याचं आहे."

"राहू देत," मी म्हणाले. "ते का जुळत नाहीत, हे बघायला उद्या परत शेतात जाणार आहे. येताय?"