दाब बघणारा जावई

बियरचा नळ सोडला की पेल्यात नुसता फेस. मग फुसफुस, मग तीही बंद. सासरे कमरेवर हात ठेवून उभे होते आणि मी त्यांच्या तळघरात पोटावर पडून फ्रिजच्या मागे हात घालत होतो. फ्रिजात बियरचं पिंप, बाजूला ती बियर नळापर्यंत ढकलणारी गॅसची टाकी, टाकीवर दाबाचं घड्याळ. काटा बारावर हवा. तो तीनच्या खाली लोळत होता.

"दोन दिवस तुम्ही बघितलं नाहीत, आणि हे बघा," सासरे म्हणाले.

ते दोन दिवस मी आणि बायको भाड्याची जागा शोधत होतो. दोन खोल्या मिळाल्या होत्या. घरमालकाला आज पाचपर्यंत होकार द्यायचा होता आणि आपल्या बापाला सांगायचं काम बायकोने माझ्या गळ्यात मारलं होतं. "बाबांच्या डोक्यात गॅसचं भूत तू बसवलंयस, तूच उतरव," असं म्हणाली. साडेचार वाजून गेले होते.

भूत मीच बसवलं होतं, खोटं कशाला बोलू? चार वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली आणि आम्ही या घरात आलो. बेकार घरजावयाला भाजी दुसऱ्यांदा मागायचीही चोरी. म्हणून मी ठोकून दिलं की हा दाब रोज बघावा लागतो, नाहीतर टाकी फुटते. चष्मे विकण्यात जन्म गेलेल्या माणसाने ते खरं मानलं. रोज संध्याकाळी सातला मी खाली उतरायचो, काट्याकडे गंभीरपणे बघायचो आणि वर येऊन "ठीक आहे" म्हणायचो. पुढे फ्रिज दुरुस्तीची नोकरी लागली, पण सातची हजेरी काही सुटली नाही. मेहुणीच्या लग्नातूनसुद्धा मी पावणेसातला उठून आलो होतो. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला, दुसरं काय!

जोडांवर साबणाचं पाणी लावलं. टाकीला घड्याळ जोडतात तिथे भराभर बुडबुडे आले. टाकी बंद करून नट उघडला, तर आत वायसरच नाही.

"परवा टाकी तुम्ही बदललीत?"

"मग कोण बदलणार? तुम्ही होतात कुठे?"

वायसर जुन्या टाकीच्या तोंडाला चिकटून दुकानात परत गेला होता. मी पिशवीतला नवा बसवला, नट आवळला, टाकी उघडली. काटा बारावर जाऊन थांबला. आता बोललो नाही तर जन्मात बोलणार नव्हतो.

"मामा, हा दाब रोज बघावा लागत नाही. टाकीही अशी फुटत नाही. मी तेव्हा थाप मारली होती, तुमच्या घरात माझा काही उपयोग दिसावा म्हणून. आणि आम्ही आता वेगळं राहायला जातोय."

सासरे खोक्यावर बसले. चक्क हसले.

"जावईबापू, थापेसाठी कोणी चार वर्षं रोज जिना उतरतं? माझी काळजी मिटावी म्हणून बोलताय, कळतं मला. पोरीने हट्ट धरला असेल."

"अहो, नुसता वायसर नव्हता!"

"तेच म्हणतोय मी. तुम्ही असता तर तो बसवायचा राहिला असता का?" त्यांनी माझा हात धरला. "रात्री ही टाकी घराखाली आहे म्हटलं की डोळ्याला डोळा लागत नाही. तुम्ही बघून आलात की झोप लागते."

मला त्यांचा संताप आला आणि स्वतःची लाज वाटली. हात मात्र सोडवून घेता येईना.

"सांगितलंस का?" जिन्याच्या वरच्या पायरीवरून बायकोने विचारलं.

"सांगितलं."

"मग?"

"जावईबापू कुठेही जात नाहीत," सासऱ्यांनीच परस्पर उत्तर दिलं. "गॅस कोण बघणार?"

नाही, आम्ही जातोय, एवढंच म्हणायचं होतं. बायको थांबली होती. मी पाना पुसायला घेतला आणि तो बराच वेळ पुसत राहिलो.

मग ती स्वयंपाकघरात गेली. तिने घरमालकाला फोन लावलेला मला खाली स्पष्ट ऐकू आला. जागा एकटीला दिली तर चालेल का, असं ती विचारत होती.