डेलियाचं ‘नको’

“छे हो, मला कुठलं जमतंय एवढं!” असं म्हणून डेलिया गेरॅटीने परत आलेल्या पुस्तकांची चवड उचलली आणि ग्रंथालयातल्या तिच्या वरिष्ठ मिस थेअर पुन्हा विचारतील म्हणून तिथेच रेंगाळली.

मिस थेअर यांनी मान डोलावली.

“बरं. मग शाखेच्या प्रमुखपदासाठी मुख्य ग्रंथालयातून कुणाला तरी मागवते. संध्याकाळच्या आत कळवायचंय मला.”

आणि त्या ऑफिसात निघून गेल्या.

डेलिया चवड धरून उभीच. आयर्लंडहून बोटीने बॉस्टनला उतरल्यापासून तिने याच शाखेत पुस्तकं पुसली, शिवली, लावली. ती खुर्ची तिला किती हवी होती, ते एका देवाला ठाऊक आणि झाडलोट करणाऱ्या मॅट कॉन्रॉयला. तो तिच्याच गावाकडचा. कपाटामागून त्याने सगळं ऐकलं होतं.

“घात केलास की गं, बये! इकडची माणसं एकदाच विचारतात. नाही म्हटलं की संपलं.”

“मग काय, पहिल्याच दमात हो म्हणू? हावरटासारखं?”

“म्हण की! इथे कोण बघायला बसलंय? जा आत आणि सांग, चुकलं म्हणून.”

सांगणं सोपं होतं होय! तिकडे आयर्लंडात, त्यांच्या गॉलवेत, पहिल्याच विचारण्याला कुणी हो म्हटलं, तर त्याच्या घरी दोन दिवस चूल पेटली नसावी असं लोक धरून चालतात. डेलिया ऑफिसच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. पुन्हा गेली, पुन्हा परत. शेवटी रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून तिने चहा केला.

मिस थेअर यांचा हात फोनवर होता.

“चहा घेता?”

“नको, थँक यू.”

“घ्या हो, अर्धा कप.”

“नको, खरंच.”

“अहो, बाहेर काय गारठा पडलाय! सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या. घोटभर तरी घ्या.”

फोनवरचा हात निघाला. मिस थेअर यांनी कप दोन्ही हातांत धरला, मोठा घोट घेतला आणि डोळे मिटले.

“खरं सांगू? केव्हापासून हवाच होता मला.”

“मग नको का म्हणालात?”

“तुम्हाला उगाच त्रास कशाला, म्हणून.”

एवढं बोलून त्या थांबल्या. कपाकडे पाहिलं, मग डेलियाकडे.

“मिस गेरॅटी, मघाशी मी तुम्हाला एकदाच विचारलं, नाही का?”

डेलियाने हातातली किटली टेबलावर ठेवली.

“पुन्हा विचारते. व्हाल शाखेच्या प्रमुख?”

हो म्हणायचं होतं तिला, देवाशपथ हो म्हणायचं होतं. पण जिभेला लहानपणापासूनचं वळण.

“अहो, माझ्यापेक्षा शिकलेल्या किती तरी जणी—”

बाहेर मॅटच्या हातातला झाडू दाणकन आपटला.

मिस थेअर यांनी दाराकडे पाहिलं. त्यांना हसू आलं. त्यांनी फोन टेबलाच्या पार कडेला सरकवला आणि खुर्चीत मागे टेकल्या.

“बरं, मग आता तिसऱ्यांदा.”

डेलियाने मघापासून कोंडलेला श्वास सोडला. कसं हायसं वाटलं तिला!

“आता तुम्ही इतका आग्रहच करताय म्हणून,” ती म्हणाली, आणि न विचारताच तिने त्यांचा कप पुन्हा भरला.