राखणीची दोन कणसे

मित्रांनो, मी एक जुने चाडे आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेले नसेल, म्हणून आधी ओळख करून द्यायला हवी. बैलांच्या तिफणीने पेरणी करताना मागून चालणारी बाई ज्या लाकडी वाटीत बी सोडते, ती वाटी म्हणजे मी. माझ्या तळाला तीन छिद्रे आहेत. त्यांतून तीन नळ्यांवाटे बी जमिनीत उतरते.

मुरुमजवळच्या एका खेड्यात हणमंतप्पांच्या बांधावर बाभळी होत्या. त्यांतल्या एका तीस वर्षांच्या बाभळीच्या गाभ्यातून सुताराने मला कोरले. तो म्हणाला होता, "वढ्याकाठची नको. तहानलेली बाभळ आणा, तिचं लाकूड चिवट."

तेव्हापासून सत्तावीस पेरण्या मी एकाच मुठीखाली केल्या. ती मूठ हणमंतप्पांच्या बायकोची, गंगम्माची. तिच्या बोटांतून दाणे असे सुटत, की उगवलेले रान पाहून लोक विचारत, "पट्टी लावून पेरलंय का?"

बीही तिचेच होते. लग्नात जळकोटच्या माहेराहून ओटीत आलेल्या तीन कणसांची ती रब्बी ज्वारी. तिची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहायची. दरवर्षी गंगम्मा निवडक कणसे चुलीच्या धुरावर आढ्याला टांगायची. त्यांतली दोन मात्र पेरायची नाहीत, असा तिच्या अव्वाचा, म्हणजे आईचा, नियम होता. पीक बुडाले तरी वाण बुडू नये, म्हणून ती राखणीची कणसे.

पूर्वी उत्तरा नक्षत्राच्या सुमारास पाऊस ओसरायचा. काळ्या मातीच्या पोटात ओल असायची आणि तेवढ्यावर ज्वारी निघायची. मग पाऊस आपली वेळ विसरू लागला. सलग दोन वर्षे तो आलाच नाही, तेव्हा बांधावरच्या बाभळी वाळल्या आणि सरपणात गेल्या. माझ्या कुळातले एकही झाड उरले नाही. पुढच्या उन्हाळ्यांत माझ्या काठालाही चीर पडली.

गेल्या वर्षी उलटे झाले. पाऊस थांबेचना. आढ्याला टांगलेली कणसेही दमट हवेने बुरसली, बी निम्मे झाले. मग चार दिवस कडक ऊन पडले. हणमंतप्पांनी मूठभर माती दाबून गोळा केला आणि कमरेच्या उंचीवरून सोडला. तो फुटून भुगा झाला. म्हणजे रान पेरणीजोगे झाले होते.

शेजारच्या शांताक्का बांधावर येऊन उभ्या राहिल्या. "हणमंतप्पा, बैलं म्हातारी, तिफण म्हातारी, अन् तुमीबी! आमचं ट्रॅक्टरनं तासात उरकलं."

"मग मोकळ्याच हाव की," गंगम्मा म्हणाली. "जावा, म्हाताऱ्यांना च्या करून आणा."

सगळे हसले. बैलही क्षणभर थांबले.

दुपारी बी संपले. पेरायचे सात तास, म्हणजे तिफणीच्या सात ओळी, उरले होते.

"ऱ्हाऊ द्या आता," गंगम्मा म्हणाली.

"रान उघडं ठेवून तिफण घरी न्यायची व्हय? आपल्या घरात असं कधी झालं न्हाय."

"आवं, राखणीची दोनच कणसं हायेत."

"दोनाची पोतंभर हुतील की गं."

तिने कणसे आणली, तळव्यांवर चोळली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तिची मूठ माझ्या काठावर थांबली. मग उघडली. सात तास पुरे झाले.

तिसऱ्या दिवशी आभाळ फुटले. वरची माती बियासकट ओढ्यात गेली. उरलेल्या रानात अठरा दिवस गुडघाभर पाणी साचले. बियालाही श्वास लागतो, मित्रांनो. हवा नसलेल्या चिखलात ते कुजते. पाणी ओसरल्यावर हणमंतप्पांनी बोटांनी उकरून दाणे काढले, हुंगले आणि टाकून दिले.

"म्या घालवलं गं तुझं माहेर," ते म्हणाले.

"पाण्यानं नेलं, तुमी न्हाय." गंगम्मा म्हणाली, "अन् कणसं तर म्याच चोळली."

ती जळकोटला गेली. रिकामी पिशवी घेऊन परतली. "समदे दुकानातलं बी पेरतेत," तिने सांगितले. "भाऊ म्हणला, आक्का, आमचं कवाच संपलं. तूच ठिवलं असशील म्हणून आमी निर्धास्त."

पुढे ट्रॅक्टरने दुकानातले विकतचे बी पेरले. बैल विकले गेले. मी गोठ्याच्या पत्र्याखाली खुंटीला आहे. गंगम्मा गोवऱ्या न्यायला येते, पण माझ्याकडे पाहत नाही.

तिने एकदा तरी पाहावे. त्या शेवटच्या मुठीतला एक दाणा माझ्या काठाच्या चिरेत अडकला आहे. अजून टणक आहे. पण बी कायमचे जिवंत राहत नाही. उष्णतेने त्याचा जीव लवकर जातो. चैत्र लागला आहे आणि पत्रा तापू लागला आहे. मला हाक मारता येत नाही.

मित्रांनो, घरातले जुने अवजार चुलीत घालण्याआधी त्याच्या चिरा उजेडात धरून पाहा. आणि मुरुमकडे आलात, तर गंगम्माचे घर विचारा. तिला एवढेच सांगा, की चाडे खाली काढ. जरा लवकर या.